१० दिवसांच्या भ्रूणाच्या भिंगात ५० चा जाड पट्टा : अंड्याचं पांढरं शिरलं का?

पिपेट_हरवली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचं नाव भारदस्त आहे, ‘कोंबडीच्या भ्रूणाच्या विकसनशील डोळ्यातील प्रथिने’. प्रत्यक्षात मी, एक थर्माकोलचा खोका, ४० चा बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी. तापमान ३७.५ ते ३८. अंडी मामाच्या शेतावरची, गावठी. फलित असणारच, कारण तिथल्या कोंबड्याला दुसरं काही काम नाही.

२४ अंडी लावली. दोनदा रात्री वीज गेली तेव्हा खोक्याला गोधडी गुंडाळून शेजारी बसले. दहाव्या दिवशी १७ जिवंत. त्यातल्या १२ भ्रूणांचे डोळे काढून भिंग वेगळं केलं, रेटिना (डोळ्याचा आतला, मागचा पडदा) वेगळी. भिंग मोहरीएवढं, काचेच्या मण्यासारखं, चिमट्यातून सारखं निसटणारं. थंड बफरमध्ये तीनदा धुतलं, बर्फावर कुटलं, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी १२ टक्क्यांच्या जेलवर चालवलं (विजेच्या ओढीने प्रथिनं वजनाप्रमाणे सुटी होतात, जड वर, हलकी खाली; एका नमुन्याची उभी रांग म्हणजे लेन), कुमासी या रंगाने रंगवलं.

रेटिनाच्या लेनमध्ये नुसता पाऊस, वरपासून खालपर्यंत बारीक रेघा. भिंगाच्या लेनमध्ये मात्र ५० किलोडाल्टनच्या (प्रथिनांचं वजन यात मोजतात) आसपास एकच पट्टा, असा जाड की कुणी मार्करपेनने ओढलाय असं वाटावं. त्याखाली २० ते ३५ च्या दरम्यान काही फिकट रेघा. बाकी लेन रिकामी.

आमच्या पुस्तकात भिंगातली प्रथिनं म्हणजे क्रिस्टॅलिन, आणि क्रिस्टॅलिन म्हणजे अल्फा, बीटा, गामा. अल्फा २० च्या जवळ, गामाही तिथेच, बीटा जरा जड पण ३५ च्या आत. मग हा ५० चा पाहुणा कोण?

मार्गदर्शक सरांनी जेलकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “पांढरं लागलंय. त्यातलं ओव्हाल्ब्युमिन ४५ ला येतं. नीट धुतलं नाहीस. परत कर.” परत करायचं म्हणजे पुन्हा अंडी, पुन्हा दहा दिवस, पुन्हा गोधडी. सबमिशनला तीन आठवडे राहिलेत.

तीनदा धुतलं होतं हो. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.


अवांतरवाला

मी अंड्यातला जाणकार, पण फक्त भुर्जीपुरता. धागा वाचता वाचता हाफ फ्राय गार झालं. वाचनखूण साठवली आहे, उत्तर आलं की वाचतो.


खुडूक

प्रथिनांतलं मला काही कळत नाही, अंड्यातलं कळतं. चिपळूणच्या बाजूला गावठी पक्षी पाळतो. आधी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायचो, आता मशीन आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात अंडं टॉर्चवर धरलं की आत लाल शिरांचा कोळी दिसतो. कोळ्याच्या पोटाशी काळा ठिपका. तो डोळा. तेव्हा पिल्लाला पंख नाही, चोच नाही, पण डोळा एवढा की डोकं म्हणजे दोन डोळेच. ठिपका दिसला की मी अंडं ठेवतो, नाही दिसला की बाजूला.

तुमच्या प्रश्नाबद्दल एवढंच सांगतो, की दहाव्या दिवशी पांढरं पिल्लाजवळ नसतंच. ते आटून, घट्ट होऊन निमुळत्या टोकाला जाऊन बसतं, डिंकासारखं. पिल्लू आपल्या पिशवीत, स्वच्छ पाण्यात. फोडताना तुमचा हात त्या डिंकात गेला असेल तर माहीत नाही. कुठल्या टोकाने फोडलंत?


पिपेट_हरवली

रुंद टोकाने, हवेची पोकळी असते तिथून. निमुळतं टोक खाली वाटीत होतं. भ्रूण चमच्याने उचलून दुसऱ्या ताटलीत घेतला, मग डोळे.


खुडूक

मग पांढऱ्यावर आळ घेऊ नका.


जुनी_खिडकी

पिपेट, तुला अगं-तुगं करते. माझ्या भाचीएवढी असशील. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं सहायक होते. शास्त्रज्ञ नव्हे, सहायक. पेपरवर नाव नसायचं, शेवटी ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’ यात मी. पण अंड्याला ब्लेडने खिडकी पाडायची, आत काम झालं की सेलोटेपने ती बंद करायची आणि अंडं परत उबवणीला ठेवायचं, हे हजारो वेळा केलंय. आयडी त्यावरूनच घेतलाय.

तुझा जेल बरोबर आहे. आता परत करायचा तो फक्त सरांसाठी, आणि तोही भिंगाचा उरलेला नमुना गोठवून ठेवला असशील तर नवी अंडी न लावता होईल.

त्या पाहुण्याचं नाव डेल्टा क्रिस्टॅलिन. पाहुणा कसला, घरधनीच तो. पुस्तकात अल्फा, बीटा, गामा लिहिलंय ते माणूस, बैल, उंदीर यांचं. आपली पाठ्यपुस्तकं बैलाच्या डोळ्यावर लिहिलेली असतात, कारण कत्तलखान्यातून तो डोळा सहज मिळायचा. पक्षी आणि सरपटणाऱ्यांच्या भिंगात डेल्टा असतं, सस्तन प्राण्यांच्या भिंगात नसतं. कोंबडीच्या भ्रूणात तर त्याचंच राज्य. भिंगातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांत ७० टक्के किंवा त्याहूनही जास्त. एका कणाचं वजन साधारण २०० किलोडाल्टन, पण तो चार भावांचा मिळून बनलेला असतो. एसडीएस या साबणासारख्या रसायनाने भावांची फाटाफूट केली की प्रत्येक जण ५० च्या आसपास उतरतो. तुझा जाड पट्टा तो हाच. खालच्या फिकट रेघा अल्फा आणि बीटाच्या. आमच्याकडे जेलमध्ये युरिया घालून चालवला की ५० आणि ४८ असे दोन पट्टे सुटे व्हायचे. तू नुसतं कमी लोड करून बघ, निदान पट्ट्याची कड तरी स्वच्छ होईल.

आता सरांचं. सरांशी वाद घालू नकोस, लेन दाखव.

आधी मार्करची (ओळखीच्या वजनांची प्रथिनं, जेलवर मोजपट्टी म्हणून चालवतो ती) डबी बघ. न रंगवलेला साधा मार्कर असेल तर त्यातला ४३ किंवा ४५ चा पट्टा कशाचा आहे ते लेबलवर लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा ते कोंबडीच्या अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिनच असतं! म्हणजे सरांचा संशयित तुझ्या जेलवर पहिल्यापासून उभा आहे. तुझा पट्टा त्याच्या रेषेत आहे की वर, एवढंच पट्टी लावून मोजायचं.

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही तर ताज्या अंड्याचं पांढरं बफरमध्ये शंभरपट पातळ करून भिंगाच्या शेजारच्या लेनमध्ये चालव. पांढऱ्यातल्या प्रथिनांत ओव्हाल्ब्युमिन निम्म्याहून जास्त असतं खरं, पण ते एकटं कधीच येत नाही. ७५ च्या थोडं वर ओव्होट्रान्सफेरिन येतं आणि अगदी तळाला १४ च्या जवळ लायसोझाइम. चोर घरात शिरला असेल तर त्याची बायकापोरंही आली असणार. तुझ्या भिंगाच्या लेनमध्ये ती आहेत का? तूच लिहिलंयस, ‘बाकी लेन रिकामी’. शिवाय रेटिना त्याच ताटलीत, त्याच बफरमध्ये धुतलीस ना? मग पांढरं फक्त भिंगाला कसं लागलं?

खुडूक यांनी सांगितलं तेही अगदी खरं आहे. पांढरं भ्रूणाच्या पिशवीत उतरायला साधारण बारावा दिवस उजाडतो. मग पिल्लू ते गिळायला लागतं. तू १४ व्या दिवसाचे डोळे घेतले असतेस तर मीही सरांच्या बाजूने थोडा विचार केला असता.

रेटिनातल्या ‘पावसा’बद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. ते तसंच हवं. रेटिनात अनेक जातींच्या पेशी, प्रत्येकीचा संसार वेगळा, कोणाचंच एकाचं वर्चस्व नाही. त्या पावसातूनच न्यूयॉर्कला एडेलमन यांच्या गटाने १९७७ च्या सुमाराला चेतापेशींना एकमेकींना धरून ठेवणारं एन-कॅम हे प्रथिन वेगळं काढलं, तेही कोंबडीच्या भ्रूणाच्या रेटिनातूनच. भिंगाचं उलट आहे. तिथल्या आतल्या पेशी लांब होतात, मग केंद्रक वगैरे घरातलं सगळं सामान बाहेर फेकतात आणि स्वतःला एकाच मालाने ठासून भरतात. प्रकाश अडू नये म्हणून. गोदामच ते. गोदामाच्या लेनमध्ये एकच पट्टा दिसणार.

बाकीचं नंतर लिहिते, गॅसवर दूध आहे.


पिपेट_हरवली

काकू (चालेल ना?), मी आत्ता डबी बघून आले. लेबलवर स्पष्ट लिहिलंय, ४५ : ओव्हाल्ब्युमिन, कोंबडीचं अंडं. दोन महिने ती डबी वापरतेय आणि कधी वाचलं नव्हतं. माझा पट्टा त्याच्या वर आहे. जेलच्या फोटोत ३ मिमी. वर, सरळसरळ वर.

नमुना आहे. उणे वीसला दोन नळ्या ठेवल्यात. उद्या पांढऱ्याची लेन लावते.

पण डेल्टा क्रिस्टॅलिन शोधल्यावर एक भलतीच गोष्ट वाचली. हे म्हणे यकृतातलं एन्झाइम आहे? आर्जिनिनोसक्सिनेट लायेझ, युरिया चक्रातलं? आणि आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलंय की पक्षी युरिया करतच नाहीत. मग जे काम करायचं नाही त्याचं यंत्र डोळ्यात कशाला?


खुडूक

करत नाहीत हे बरोबर. कोंबडीच्या शीटवर जो पांढरा खडूसारखा भाग असतो तो यूरिक आम्लाचा. खताला चांगला, छपराच्या पत्र्याला वाईट. आणि आर्जिनिन हे नाव आमच्या खाद्याच्या पोत्यांमुळे ओळखीचं आहे. पशुवैद्य सांगतात, कोंबडीला ते खाद्यातूनच द्यावं लागतं, तिला स्वतःला पुरेसं बनवता येत नाही. डोळ्यात त्याचं यंत्र पडून आहे हे मात्र आजच कळलं.


जुनी_खिडकी

काकू चालेल.

हा प्रश्न तू आज विचारलास, आमच्या प्रयोगशाळेत तो १९८७ साली पडला. तोवर सगळ्यांची समजूत अशी की क्रिस्टॅलिन म्हणजे निसर्गाने खास डोळ्यासाठी घडवलेली प्रथिनं, दुसऱ्या कुठल्या कामाची नाहीत. आम्हीही डेल्टाकडे फक्त खूण म्हणून बघायचो. डेल्टा दिसलं की भिंग तयार व्हायला लागलं, एवढाच त्याचा उपयोग. मग अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधल्या विस्टो आणि पियाटिगोर्स्की यांनी प्रथिनांचे क्रम संगणकावर जुळवून बघितले, आणि कोंबडीचं डेल्टा आर्जिनिनोसक्सिनेट लायेझशी जुळलं. ‘सायन्स’चा तो अंक आमच्याकडे बोटीने यायचा, म्हणजे काही महिन्यांनी. आमच्या सरांनी तो दुपारच्या चहाला मोठ्याने वाचून दाखवला होता. चहा पिणं कुणाला सुचलं नाही.

त्याच सुमाराला बदकाच्या भिंगातलं एप्सिलॉन क्रिस्टॅलिन हे लॅक्टेट डीहायड्रोजिनेज निघालं. मग रांगच लागली. कासवात ईनोलेज, गिनीपिगमध्ये क्विनोन ऑक्सिडोरिडक्टेज, स्क्विडमध्ये ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. ज्याच्या घरात जे एन्झाइम टिकाऊ, पाण्यात भरपूर विरघळणारं आणि दाटीवाटीतही गढूळ न होणारं, ते त्याने उचलून डोळ्यात भरलं. डोळ्यात त्याला एन्झाइमचं काम करायचं नसतं, नुसतं दाट आणि निवळ राहायचं असतं. जुन्या पातळाची गोधडी शिवतो ना आपण, तसं. पातळ नेसायचं म्हणून विणलेलं, पण मऊ, धुऊन धुऊन टिकलेलं, म्हणून गोधडीत गेलं. तू त्या रात्री खोक्याला गुंडाळलीस ती गोधडीही अशीच असणार.

कोंबडीत याची एक मजा आहे. डेल्टाची जनुकं दोन, शेजारी शेजारी, एकाच मूळ जनुकाची जुळी झालेली. दुसऱ्या नंबरचं अजून एन्झाइमचं काम करतं. पहिल्या नंबरचं ते काम विसरलं, आणि भिंगात तेच प्रचंड प्रमाणात बनतं. म्हणजे तुझ्या पट्ट्यातलं बहुतेक सगळं प्रथिन हे निवृत्त एन्झाइम आहे. बदकात मात्र दोन्ही जनुकं भिंगात चालतात, त्यामुळे बदकाच्या भिंगात या एन्झाइमचं काम दणकून मोजता येतं. बदकाचं अंडं मिळालं तर तुझ्या प्रकल्पाला शेवटचं एक प्रकरण मिळेल. नाही मिळालं तर सोडून दे, तीन आठवडेच आहेत.

आता भिंगातच का, आणि कधी. तुला १० व्या दिवशी दिसलं, पण ते सुरू होतं ५० तासांच्या सुमाराला. मेंदूच्या बाजूने दोन फुगे बाहेर येतात, फुगा वरच्या त्वचेला टेकतो, टेकल्या जागी त्वचा जाड होते आणि तिला आत खळगा पडू लागतो. तेवढ्यातच डेल्टा दिसायला लागतं. भिंग अजून भिंग झालेलंही नसतं! नंतर बीटा, आणि अल्फा त्याच्याही नंतर. उंदरात अल्फा पहिलं, म्हणून पुस्तकातला क्रमही इथे लागू होत नाही.

हे त्या नेमक्या जागीच का होतं, हे जपानमध्ये हिसातो कोंडोह यांच्या गटाने फार सुरेख दाखवलं. डेल्टाच्या जनुकाच्या आतच, तिसऱ्या इंट्रॉनमध्ये (जनुकाचा असा मधला भाग, ज्यापासून प्रथिन बनत नाही), एक छोटा तुकडा आहे. तो बँकेच्या लॉकरसारखा. एक चावी पॅक्स६ नावाचं प्रथिन, ते डोक्याच्या बऱ्याच मोठ्या भागातल्या त्वचेत आधीपासून असतं. दुसरी सॉक्स२, ती मेंदूचा फुगा येऊन टेकला की त्या जागी वाढते. दोन्ही चाव्या शेजारी शेजारी लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. म्हणून गालावर भिंग उगवत नाही.

पण सगळ्यात आवडता प्रयोग मला विचारशील तर कूलोम्ब्र नवरा-बायकोचा, १९६३ सालचा. पाच दिवसांच्या भ्रूणाच्या डोळ्यातलं भिंग त्यांनी उचललं आणि उलटं करून परत ठेवलं, पुढची बाजू मागे. भिंगाच्या पुढच्या बाजूला बुटक्या पेशींचा एकच थर असतो. तो थर आता रेटिनाकडे तोंड करून बसला, आणि त्या बुटक्या पेशी लांब होऊन तंतू बनायला लागल्या! म्हणजे लांब हो असं सांगणारं काहीतरी रेटिनाच्या बाजूच्या जेलीतून येतं. आमच्या सरांनी मला हे करून बघायला लावलं होतं. मोहरीपेक्षा लहान मणी, तोही खिडकीतून, उलटा. ४० अंड्यांत माझी ६ जमली. त्या वर्षी माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.

आणि तुझ्या रेटिनाच्या लेनमध्ये ५० ला फिकट रेघ दिसली तर लगेच ‘भिंग लागलं’ म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. लागलेलं असू शकतं, काढताना लागतंच. पण क्योटोला ओकाडा यांच्या प्रयोगशाळेत भ्रूणाच्या रेटिनाच्या पेशी बशीत काही आठवडे वाढवल्या तर त्यांच्यातून भिंगासारखे निवळ गोळे तयार व्हायचे, डेल्टाने भरलेले. रंगद्रव्याच्या काळ्या पेशींनीसुद्धा हेच केलं. डोळ्यातल्या पेशींना एकमेकींचे धंदे येतात.


सात्त्विक

एवढी सगळी हत्या एका पट्ट्यासाठी? अंड्यात जीव असतो हे तुम्हीच सांगताय.


जुनी_खिडकी

असतो. तिसऱ्या दिवशी खिडकीतून हृदय धडधडताना दिसतं, मी बघितलंय. मोठा भ्रूण असेल तर आधी बर्फावर थंड करायचा, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि मी पुढे प्रत्येकाला शिकवलं. आणि लागतील तेवढीच अंडी लावायची. पिपेटला उरलेल्या नमुन्यावर काम करायला सांगतेय, त्यात तेही आहे. यापुढे वेगळा धागा काढा, तिथे येते.


अवांतरवाला

उत्तर आलं म्हणून परत आलो, आणि आता माझा प्रश्न. आईचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. हे डेल्टा माणसाच्या डोळ्यात घातलं तर? किंवा कोंबडीचे डोळे खाऊन? हसू नका, आमच्याकडे एक काका माशाचे डोळे याच कारणासाठी खातात.


रात्रपाळी

बालरोग विभागात निवासी डॉक्टर आहे, डोळ्यांचा नाही. पण हे एन्झाइम आमच्या वॉर्डात भेटतं म्हणून लिहितो.

खाऊन काही होत नाही. प्रथिन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, मग ते डोळ्यातलं असो की तंगडीतलं. काकांना आवडत असतील तर खाऊ देत.

माणसाच्या भिंगात डेल्टा नाही, पण आर्जिनिनोसक्सिनेट लायेझ यकृतात आहे आणि तिथे ते अगदी खरं काम करतं. ते जन्मतः बिघडलेलं असेल तर बाळाच्या रक्तात अमोनिया साचतो. दोन-तीन दिवसांचं बाळ, दूध पीत नाही, सुस्त पडतं, पुढे झटके येतात. अशा बाळाच्या कागदावर हे लांबलचक नाव लिहिताना माझा हात आजवर दोनदा थांबलाय. तेच नाव कोंबडीच्या डोळ्याची काच म्हणून वाचणं विचित्र वाटतंय.

मोतीबिंदूचं गणित वेगळं. आपल्या भिंगाचा गाभा आपण जन्माला यायच्या आधी तयार झालेला असतो आणि त्यातली प्रथिनं आयुष्यभर बदलली जात नाहीत. आईंच्या डोळ्यातली ती प्रथिनं आईंपेक्षाही काही महिन्यांनी मोठी आहेत. इतक्या वर्षांत ती उलगडतात, एकमेकांना चिकटतात, गढूळ होतात. अल्फा क्रिस्टॅलिन इतरांना चिकटू न देण्याचं काम करतं, हे १९९२ साली हॉरविट्झ यांनी दाखवलं. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतही अल्फावर बरंच काम झालंय. पण अल्फाचा साठाही संपत जातो. ऑपरेशन करून घ्या, लवकर घरी सोडतात.


खुडूक

माशाच्या डोळ्यावरून विचारतो. सुरमईचा किंवा बांगड्याचा डोळा शिजवला की आत पांढरा कडक मणी निघतो, दाताने फुटत नाही. लहानपणी आम्ही त्याच्या गोट्या करायचो. कोंबडीच्या डोळ्यात तसा कडक मणी कधी सापडला नाही. तोही या डेल्टाचाच खेळ का?


जुनी_खिडकी

वा! हे आमच्या सरांना विचारलं असतंत तर त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली असती.

हो, बराचसा. माशाच्या भिंगात गामा जातीचं प्रथिन ठासून भरलेलं असतं, ते एकमेकांना फार घट्ट बिलगतं. मासा पाण्यात, तिथे डोळ्याचा पुढचा पडदा प्रकाश वळवायला निरुपयोगी, सगळं काम भिंगालाच करायचं. म्हणून गोल, दाट, कडक मणी. जवळचं-लांबचं बघायला मासा तो मणी पुढे-मागे सरकवतो. कोंबडी भिंगाचा आकार दाबून बदलते. दाणा चोचीसमोर, घार आभाळात, दोन्ही क्षणात दिसायला हवं. त्यासाठी भिंग मऊ लागतं. पक्ष्यांनी गामा जवळजवळ टाकून दिलं आणि त्या जागी डेल्टा भरलं.

खुडूक, तुमच्याकडे अंडी द्यायची बंद झालेली म्हातारी कोंबडी कापली जाते तेव्हा तिचं डोकं पिपेटला पाठवता येईल का, बर्फात घालून? पिल्लू बाहेर आल्यावर काही महिन्यांत डेल्टा बनायचं थांबतं, पण आधीचं फेकलं जात नाही. जुने थर आत, नवे बाहेर, कांद्यासारखे. म्हाताऱ्या भिंगाचा बाहेरचा थर बफरमध्ये हलवून विरघळवायचा, गाभा वेगळा कुटायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवायचे. गाभ्यात ५० चा पट्टा जाड, बाहेर तो बारीक झालेला. अंड्याचं पांढरं म्हाताऱ्या कोंबडीच्या भिंगाच्या गाभ्यात शिरलं असं तर सरही म्हणणार नाहीत.


खुडूक

येत्या रविवारी दोन कापायच्या आहेत. कऱ्हाडपर्यंत एस.टी.ने पार्सल जातं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


पिपेट_हरवली

जेल झाला. काल रात्री साडेअकराला रंग उतरला.

पांढऱ्याची लेन : ४५ ला जाड, ७५ च्या वर एक, तळाला एक. काकू म्हणाल्या तसंच सहकुटुंब. भिंगाची लेन, निम्मं लोड करून : ४५ ला काही नाही, त्याच्या वर एक पट्टा, खाली चार-पाच फिकट, तळाला काही नाही. दोन लेन शेजारी असल्यामुळे पट्टी लावायचीही गरज पडली नाही.

सकाळी सरांच्या टेबलावर फोटो ठेवला आणि काही बोलले नाही. सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, मग विचारलं, “ही मधली लेन कशाची?” मी म्हटलं, पांढऱ्याची. बराच वेळ फोटो बघून म्हणाले, “डेल्टाचं एक परिच्छेदभर लिही. आणि रेटिनाची लेन परत लोड कर, ती नीट नाही.”

रेटिनात ५० ला फिकट रेघ आहेच, काकू. भिंग लागलंय की तिचा स्वतःचा धंदा, ते कळायला अजून एक जेल लागेल.

खुडूक दादा, व्यनि केलाय. पार्सलवर ‘औषध’ लिहा. गेल्या वेळी मामाने ‘अंडी’ लिहून पाठवलेल्यांपैकी ४ फुटून आली होती.